रीडिंग, मत्रह

मागे डोंगर, पुढे बंदर,
मधे जेमतेम एक गाव मावेल एवढी जागा,
आणि त्यात चार गावं बसलेली.
डोंगर काळे, तव्याच्या पाठीसारखे.
जूनमध्ये रात्री नऊलाही त्यांच्या अंगातली धग
गल्ल्यांत उतरते, उधारी मागायला आल्यासारखी.

माझं काम सोपं. दार वाजवायचं, काच पुसायची,
पाण्याचा आकडा वहीत उतरवायचा.
इथल्या बोलीत पाण्याला माय म्हणतात.
पहिल्याच आठवड्यात मी, बाणकोटचा मुकादम,
दारोदार "माय, माय" करत फिरलो
आणि आतून बायका म्हणाल्या : थांब, येते.

एकवीस वर्षं. साडेतीनशे दारं.

प्रागजी ठक्करांच्या पेढीवर दिवाळीच्या महिन्यात
चार युनिटं जास्त, फरशा धुतात म्हणून.
मॅरिसेलच्या खोलीत नर्सा सहा, पाणी दोघींचं :
आंघोळी ड्युटीवरच उरकतात.
रुहुल मासळी बाजारात सुरमया कापतो,
त्याचा काटा रोज पहाटे पळतो,
तरी वास काही जात नाही, असं तोच सांगतो, हात पुढे करून.

लवातींच्या कोटात परक्याला आत सोडत नसत.
दोन वर्षं राखणदारच आत जाऊन
तळहातावर आकडा लिहून आणायचा.
अरबी सात उलटा धरला की आठ होतो.
तो माझ्यासमोर हात धरायचा, मी मान वाकडी करायचो,
आणि आम्ही दोघं एका युनिटावरून भांडायचो.
तिसऱ्या वर्षी कंटाळून म्हणाला, जा, तूच बघ.

वर्षात एखाद्या दिवशी
लांब डोंगरात कुठेतरी कोसळतो, इथे लख्ख ऊन.
मग कुणीतरी ओरडतं : वादी!
आणि बाजाराच्या गल्लीला आठवतं
की आपण मुळात ओढा आहोत.
दारांच्या खाचांत फळ्या सरकतात.
ठक्करांचा गडी, बलुची पोरं, टोपी काखेत मारलेले लवाती म्हातारे
एका रांगेत उभे राहून
लोबानची पोती हातोहात वर देतात,
चार भाषांत एकच शिवी घालत.
ते पाणी कुणाच्याच मीटरमध्ये येत नाही.

घर नंबर चारशे बारा.
जुवैनाबाई मुलाकडे सीबला गेल्या, त्याला पाच वर्षं झाली.
कुलूप गंजलं, पण काटा हलायचा :
महिन्याला अर्धं युनिट, कधी त्याहून थोडं कमी.
मी "गळती" लिहिणार होतो.
लिहिण्याआधी भिंतीवरून वाकून पाहिलं.
शेजारचा दाद करीम, गुडघे धरत,
परसातल्या लिंबाला तांब्याने पाणी घालत होता.
तिने सांगितलं नव्हतं. यानेही कुणाला नाही.
वहीत मी शून्य लिहिलं.
पुढल्या महिन्यातही. आणि त्याच्या पुढल्या.

आता नवी मीटरं बसतायत.
ती आपला आकडा आपणच पाठवतात,
त्यांना दार वाजवावं लागत नाही.

काल दाद करीमला सांगायला गेलो :
यापुढे अर्धंसुद्धा लपणार नाही.
त्याने बराच वेळ कान खाजवला.
म्हणाला, "माझ्या नावावर लाव."
नाव बदलायला मालकिणीची सही लागते,
हे ओठांवर आलं होतं.
म्हटलं, लावतो.
त्याने दोन लिंबं दिली, एक किडकं.

खाली धक्क्यावर मोठं पांढरं जहाज लागलं होतं.
उन्हाने लाल झालेलं एक जोडपं
नकाशा उलटासुलटा करत विचारू लागलं :
बाजार कुठे?
मी हात केला :
पाणी जिथून येतं, त्या वाटेने वर चला.

त्यांनी कोरड्या फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.