हातचा

डिसेंबर. टोलीडोतली गोठलेली खिडकी,
टेबलावर माझी मतपत्रिका, आणि कॉफीचा गोल डाग
नेमका व्हर्नन पिकेटच्या नावावर.
"घे, देवानंच खूण केली," वॉल्टर हसतो.
पाचशे बारा होमरन. आणि दंडात सुई.
"तेव्हा सगळेच टोचून घेत होते."
सगळे नव्हते, वॉल्टर.

मग डावखुऱ्या किन्योनेसचे स्ट्राइकआउट,
त्याचा गुडघा, गुडघ्याआधीची ती चार वर्षं.
चार पुरतात का?
आवाज इतके चढतात की वरून
लोरेन काठी आपटते.

तळाच्या नावावरून कुणीच भांडत नाही.
एमिल सोबचाक, कॅचर.
अठरा हंगाम उकिडवा बसून
दुसऱ्यांचे चेंडू झेलले.
एकदा पेट्रोल पंपावर भेटला. हात पुढे केला,
तर माझ्या मुठीत जणू
आल्याचा गड्डा.

"त्याला मत? वाया.
तूच बेरीज कर की."

केली.
वॉल्टर गेल्यावर परत केली, पेन्सिलीनं,
पाकिटाच्या पाठीवर.
उत्तर तेच. बेताचं.
तरी दोन्ही वेळा वाटत राहिलं,
हातचा धरायचा राहिलाय.