डावं पुढचं चाक

रुस्ताकला जूनमध्ये
साडेचारला हात घातला तर सातपर्यंत काही होतं.
मग पाना धरवत नाही.
उन्हात विसरलेला चौदाचा पाना
उलथन्यासारखा चिकटतो तळव्याला,
म्हणून ओल्या पंचात गुंडाळून ठेवते सगळे.

गाडी चौऱ्याण्णवची. नाव पेट्रोल,
आणि नावाला जागते.
घरमालक खल्फानची होती.
भाड्याने घेतलं ते घर, गाडी अंगणात तशीच उभी;
दोन वर्षं ती हलली नाही, मीही हलले नाही,
शेवटी चारशे रियाल म्हणाला, मी तीनशे दिले.

वळणावर डावीकडून घरघर.
दाद करीमच्या दुकानात मी तोंडानेच काढून दाखवला आवाज,
तो डोळे मिटून ऐकत राहिला
आणि न बोलता बेअरिंगचा डबा काढून ठेवला काउंटरवर.

आता चाक उतरलंय, गाडी घोडीवर,
मी बोरीखाली मांडी घालून.
(सिद्र म्हणतात इथे. बोरच ती,
काटे ओळखीचे.)

आबा एसटीच्या वर्कशॉपात, देवरूख डेपो, एकतीस वर्षं.
काढलंस त्या क्रमाने मांड, म्हणायचे,
लावताना उलटीकडून वाच.
ते जुन्या वर्तमानपत्रावर मांडत,
मी लॅबमधून बाद झालेल्या ट्रेमध्ये:
जिथे कुणाकुणाचं रक्त उभं असायचं
तिथे नट, वॉशर, पुन्हा नट.

जुनं ग्रीस काळं, त्यात वाळू.
कुठली वाळू, कुठल्या वाटेची,
खल्फानला विचारायला हवं.
नवं ग्रीस डाव्या तळव्यावर घेऊन
बेअरिंग त्यात दाबत राहायचं
दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत.
यात चलाखी चालत नाही.

नट आवळला. चाकाचा हब फिरवला. पाव फेरा मागे.
घट्ट म्हणजे बरोबर नव्हे गो,
हे ते बसच्या खालून म्हणायचे,
मला नुसत्या चपला दिसायच्या.

सहा चाळीस. राहिली फक्त सर्क्लिप.
पकड सटकली,
टिंग् असा एवढासा आवाज झाला
आणि अंगणभर काही नाही.

रांगले. फुंकले. चाळणीने वाळू चाळली,
पिठाची चाळणी, आता ती गेलीच.
मग फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून
बोरीभोवती ओढत फिरले,
ऊन पाठीवर, पाठोपाठ एक मांजर.
चुंबकाला आधी काळ्या मिशा फुटल्या,
मग सोड्याची बुचं, वाकडे खिळे, कपाटाची किल्ली,
आणि एक कडी.

तांबडी. गंजलेली. माझी नव्हे.
मापाने मात्र तीच,
तीच दोन टोकं, तोंड तेवढंच उघडं.
कधीतरी याच झाडाखाली
दुसऱ्या कुणाच्या हातून उडालेली.

रॉकेलमध्ये बुडवली, पॉलिशपेपरने घासली,
बोटांवर वाकवून पाहिली. जीव होता.
बसवली. खाचेत बसल्याचा आवाज
कानाला नाही, मनगटाला येतो.

चाक फिरवलं. घरघर नाही.
हातानेच फिरवलं पुन्हा, उगीच,
आणि मग आणखी एकदा.

महिनाअखेर खल्फान आला भाड्याला.
कॉफी घेतली, खजूर घेतला,
मी सांगितलं मला काय सापडलं ते.
तो बोरीकडे बघत राहिला,
बिया मुठीत.
तीन, म्हणाला.
तीन हरवल्या होत्या माझ्या.

म्हणजे अजून दोन आहेत खाली,
आणि माझी.