धारेची वस्तू

एकतीस वर्षं मी तिकिटं फाडली.
खिडकीबाहेर तेच तलाव,
तळोधी, नागभीड, सिंदेवाही,
डबल बेल दिली की तलाव मागे.
निवृत्त झालो तेव्हा डेपोनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
मला हवी होती एक रात्र,
तलावाच्या पाळीवर, उघड्यावर.

तंबू भाच्यानं नागपुरातून आणला.
विजेरी होती. पातेलं होतं.
राहिली सुरी.

बाजारात पहिल्याच पालाखाली घडीचे चाकू:
बारा पाती, कात्री, बूच काढायचा आकडा,
दात कोरायचंही काहीतरी.
दुकानदार म्हणाला, सगळं आहे ह्याच्यात.
सगळं मी पाहिलंय, बाबा,
चव्वेचाळीस सीटच्या गाडीत.
सगळं असलं की दार लागत नाही.

दुसऱ्याकडे म्यानातला, हातभर लांब,
पाठीवर करवतीचे दात.
उपसून धरला आणि माझं मलाच हसू आलं:
दंडारीतल्या मेलेल्या राजाची तलवार
उचलून न्यायला आलेला पोऱ्या.

चिंचेखाली सदोबा खाती.
सून भाता ओढत होती,
पोत्यावर पोर निजलेलं, ठिणग्यांच्या अलीकडे.
म्हटलं, रानात ऱ्हायचं आहे, सुरी दाखवा.
त्यानं दाखवली नाही. विचारलं,
"कापसान काय?"

ह्याचा विचार मी केलाच नव्हता.
"वाघ?" म्हणाली सून, भाता न थांबवता.

मग म्हाताराच एकेक बोट मिटत गेला.
दोरी. कांदा. चुलीसाठी काडी सोलनं.
ओल्या लाकडाच्या पोटातलं कोरडं काढनं.
"हे असन, त वीतभर पातं लय झालं.
लंब्या पात्यानं पह्यले आपलं बोट जाते."

ट्रकच्या कमानपाटीचं पोलाद.
आयुष्यभर धान वाह्यलं यानं, म्हणाला,
वाकन, पन तुटन नाही.
लोखंड टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एकच,
ना सांधा, ना बिजागरी,
दोन्ही अंगांना तिवसाच्या चकत्या,
तांब्याचे तीन खिळे.
पाठ जाड, दगडानं ठोकली तरी चालेल अशी.
मी अंगठ्यानं धार पाहू लागलो, तर ओरडला:
"धार मी देईन. मूठ पाहा."

आणि, हात दाखवा.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे,
तिकिटांना चिमट्यानं भोकं पाडून पाडून पडलेला.
त्यानं तो दाबून पाहिला वैदूसारखा,
काही बोलला नाही.
कानस घेतली, त्या जागी मूठ घासत राहिला,
लाकडाचा पिवळा भुगा धोतरावर,
घासायचा, माझ्या हातात लावून पाहायचा,
पुन्हा घासायचा.

साडेचारशे. मी पाचशेची नोट काढली.
"सुट्टे नाहीत, मास्तर. पन्नास पुढच्या बाजारी."
माझ्या तोंडचं वाक्य.
किती जणांच्या तिकिटामागे लिहिलं असेल मी
आणि किती जण उतरून गेले असतील विसरून.
हसलो. बरं म्हटलं.
सुरी त्यानं हातात दिली नाही,
पोत्यावर ठेवली.
"धारेची वस्तू आपली आपन उचलाची."

रात्री पाळीवर वारा होता.
काडी सोलली, ढलप्या कुरळ्या निघाल्या
धाकटीच्या जावळासारख्या.
त्या पेटल्या, दोन काड्या वाया गेल्यावर.
कांदा कापला. तंबूची जास्तीची दोरी कापली,
आणि लगेच कळलं की ती जास्तीची नव्हती.
गाठ मारली.
पुढे रात्रभर कापण्यासारखं काही आलं नाही.
पाण्यात मासा उडाला, बस.

साडेदहाच्या सुमारास पलीकडच्या रस्त्यानं
शेवटची गाडी गेली, आतला दिवा पिवळा,
तीन-चार डोकी.
घंटी एवढ्या लांब ऐकू येत नाही.
तरी मुठीतल्या त्या खोलग्यात
अंगठा दोनदा दाबला गेला.