पाण्याने वाट पाहिली नाही

दुहोकपासून दीड तास. शेवटची वीस मिनिटं
रस्ता नसतो, रस्त्याची अफवा असते.
माझी टोयोटा ती अफवा खरी मानून चालते.
मागे नहरीन, स्वीडनहून आलेली,
बापाच्या भाषेत अडखळणारी, माझ्या भाषेत मुकी.
मांडीवर स्टीलचा थर्मास. रिकामा,
तरी सांडेल म्हणून धरावा तसा धरलेला.

आधी दिसते गोमेल नदी. मग धूर:
शुक्रवार आहे, लोक मांस भाजतायत.
मग मान वर करावी लागते.

अख्खा कडा तासून सपाट केलेला.
त्यावर राजा, दोनदा,
आणि दोन राजांच्या मधे देव,
जनावरांच्या पाठीवर उभे,
खाली चिखल आहे हे ठाऊक असल्यासारखे.
राजाचा हात नाकाशी. माझी मुलगी म्हणायची,
बाबा, त्याला शिंक येतेय.
सत्तावीसशे वर्षं येतेय.

कोरीव अंगांत चौकोनी खिडक्या आहेत.
फार नंतर कुणी एकांतवासी आले,
त्यांना ना राजा दिसला ना देव,
दिसला चांगला कोरडा खडक.
निजायला जागा झाली.

टाकीचे घाव सोसून दगडाचा देव होतो म्हणतात.
गोळ्यांचे घाव सोसून देवाचा पुन्हा दगड होतो,
हे मी इथे पाहिलं.
त्या कोपराजवळची खोक माझ्या चुलतभावाची.
म्हणजे, बंदूक त्याची होती.
मी सतरा वर्षांचा होतो.
नहरीनला हे सांगितलं नाही.
तिने तिथेच बोट ठेवल्यासारखा हात उंचावला, लांबून,
आणि खाली घेतला.

वरचा एक प्रचंड तुकडा कधीच निखळून नदीत पडलाय.
पंखांचा बैल, गुडघाभर पाण्यात.
पोरं त्याच्या खांद्यावरून सूर मारतात,
आजही, एक लाल चड्डीवाला, नाक दाबून.

आमच्या शाळेचे झोराब मास्तर सांगायचे:
इथून कालवा निघाला, थेट राजधानीच्या बागांना.
काम झालं, उद्घाटन ठरलं,
पुजारी निघाले तेल आणि रत्नं घेऊन,
आणि ते पोचायच्या आत
दार आपोआप उघडलं. पाणी सुटलं.
मुकादमांनी मान खाली घातली, आता ती उडणार म्हणून.
राजाने त्यांना रंगीत कपडे दिले. सोन्याच्या अंगठ्या दिल्या.
त्यानेच कोरून ठेवलंय, मास्तर म्हणायचे,
आणि राजे असलं सहसा कोरत नाहीत.

मी हे हातवारे करून सांगितलं. दार. पाणी. धप्प.
नहरीनला किती कळलं कोण जाणे.
ती म्हणाली, "बाबा. मंगळवारी. माझं विमान बुधवारी."
एवढंच. सगळे शब्द बरोबर होते.

मग चपला काढून ती पाण्यात उतरली,
बैलाच्या बाजूला, जिथे धार स्वच्छ आहे,
थर्मास बुडवला, बुडबुडे संपेपर्यंत धरला,
झाकण तीनदा आवळलं.
एका बाईने तिला बळेबळे रोटी दिली, कांदा दिला,
कुणाची कोण ते न विचारता.

परतताना दुसऱ्या चढावर गाडी तापली.
बॉनेट उघडलं तर वाफ.
माझ्याकडे पाण्याचा कॅन होता, असतोच,
आज धाकट्याने भरला नव्हता.
मी नदीकडे बघितलं. नदी खूप खाली होती.
नहरीन उतरली. थर्मास पुढे केला.
मी नको म्हटलं. छातीवर हात ठेवून नको म्हटलं.
तिने स्वतःच झाकण फिरवलं.

"ट्रक," ती म्हणाली, हवेत स्टिअरिंग फिरवून,
"बाबा. तीस वर्षं. ट्रक."
आणि हसली, की हसल्यासारखं काही.

रेडिएटर घटाघटा प्यायला.
तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं.
ते तिने हलवून पाहिलं, कानाशी धरून,
आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.