न उमटलेली रेघ

सकाळी साडेसात. मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत
खिडकीतून बाटली आत आली. झाकणावर माझंच अक्षर :
हलिमा नदाफ, वय बावन्न.
मणक्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना कळायला हवं होतं
बाई तंबाखू खाते का.

तीन थेंब. पाच मिनिटं.
या पट्टीची रीत उलटी आहे :
रेघ उमटली तर नाही,
नाही उमटली तर आहे.
नाही उमटली.

"अल्लाची शपथ, ताई," ती म्हणाली,
"तळहातावर कधी चुना घेतला नाही.
मशेरीसुद्धा नाही. दात बघा."
मी दात बघितले. पांढरे होते.
मग हात बघितले.

सव्वीस वर्षं वखारीत पान निवडते ती.
पावसाळ्यात पान दमट असतं, शिरा ओढताना
बोटांना चिकट लागत राहतं,
आणि कातडीला तोंड नसतं असं
आपण उगीच धरून चालतो.

तिचा जावई रसूल सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलतो.
कानाच्या पाळीपर्यंत पिवळा.
बनियन, घाम, खिशातल्या नोटा, तान्ह्या पोरीचं टोपडं, सगळं पिवळं.
पण आत हळद जवळजवळ शिरतच नाही.
खाल्ली तरी बहुतेक आल्या पावली परत,
तेलाचं बोट धरून, मिऱ्याचा वशिला लावून
थोडी पोचली तर पोचली.
तो कशात राबतो ते अख्ख्या एसटीला दिसतं.
हिच्या हातांवर काहीच दिसत नाही.

हिच्या रक्तात पान गेलं,
यकृतानं मोडून त्याला दुसरं नाव दिलं,
मूत्रपिंडं जमेल तसं बाहेर लोटत राहिली.
सोळा तासांत निम्मं. पुढच्या सोळांत
उरल्याच्या निम्मं.
सोमवारची सुट्टी सरते तेव्हा
अजून थोडं बाकी असतं,
आणि मंगळवारी आठला वखार उघडते.

रिपोर्टात एक चौकोन आहे, त्यात 'पॉझिटिव्ह' लिहायचं.
कुठून आलं, त्याला चौकोन नाही.
मी समासात पेननं लिहिलं :
पेशंट तंबाखूच्या वखारीत कामाला. खात नाही.
छापील कागदावर हाताचं अक्षर
साहेबांना आवडत नाही.

बाटली ओतली, नळ सोडला.
ती अजून बाकावर होती,
डब्यातली भाकरी मोडत.
"कडू लागते," म्हणाली, "किती वर्षं झाली.
मला वाटायचं, जोंधळाच असला."