पाटी

म्हापशाच्या तंबूत मी चित्राचा दांडा फिरवायचो.
पाट्या पोर्तुगीज. त्या मराठीत सांगायला भिकाजी गावस;
चटईवरची पोरं पडद्यापेक्षा त्याच्याकडेच बघत.

त्या रात्री पडद्यावरचा बंडखोर घोड्यावर चढला,
तिचे ओठ हलले, त्याचे हलले,
पाटी आली.
भिकाजी म्हणाला, ‘काजूला बोंडं धरली की येईन.’
बायकांच्या बाजूला केसरच्या बांगड्या वाजल्या. एकदाच.
दाराशी काबो विडी ओढत उभा. त्याला मराठी कुठली?

पहाटेपासून भिकाजी सत्तरीच्या रानात.
बोंडं अकरा वेळा पिकली, गळली, भट्टीत गेली.

केसर अजून विचारते,
पाटीवर खरंच तसंच होतं ना रे?
होय म्हणतो.
दांडा मी तेव्हा मुद्दाम हळू फिरवला होता.
चारच शब्द होते.
मला पोर्तुगीज वाचता येतं.