नग

रत्नमाला सातच्या आत मेयोला निघून जाते.
फ्रिजवर चिठ्ठी, वॉर्डातल्या भाषेत:
दहाला नाचणी, अर्धी वाटी.
बाराला मुगाची खिचडी, आता गाळायची नाही.
टीव्ही दाखवून भरवायचं नाही. (खाली दोन रेघा.)

माझी दुसरी पाळी. बुटीबोरीची बस
इंदोरा चौकात एक वाजता येते.
तोवर मी आणि आमू,
अकरा महिने, वर दोन दात, खाली दोन,
आणि कूलर,
जो गार कमी, खडखड जास्त करतो.

नाचणी: पहिला चमचा आत, पहिला चमचा बाहेर.
बाहेर येताना तो दुप्पट कसा होतो
हे मला अजून कळलं नाही.
भोपळा: ओठ शिवलेले.
मी आ करतो, तिने करावा म्हणून,
परत आ, मोठा आ,
माझाच जबडा दुखायला लागतो.
संत्र्याची फोड, बी काढून, पडदा सोलून:
संत्र्याच्या गावची पोट्टी
असं तोंड करते, जसा काही मी चुना चाटवला.
बाहेर पुलावरून मेट्रो जाते, ती वळते,
चमचा कानात.

खालच्या मेश्रामकाकू वाळवण घालता घालता म्हणतात,
आमचा सुमेध या वयात भाकर मागायचा.
नग आहे जी तुमची पोट्टी.

नग मला माहीत आहेत.
कारखान्यात मी तपासणीवर.
पाळीला अठराशे बुश माझ्या हातून जातात.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये,
एवढंच माझं शास्त्र.
नापास झालेले लाल ट्रेमध्ये.
घरी लाल ट्रे म्हणजे माझा बनियन.

एक वहीसुद्धा केली आहे मी. खरंच.
सोमवार: साडेतीन चमचे, पैकी अडीच परत.
मंगळवार: दोन. दात येत असेल.
बुधवार: वाटी उलटी.
रत्नमाला वाचून खूप हसली,
आणि रात्री दिवा लावून
वजनाचं कार्ड बघत बसली,
जिथे रेघ चढता चढता आडवी झाली आहे.
त्यावर आम्ही बोललो नाही.

आज गुरुवार. साडेअकरा. मीच उपाशी.
खिचडी झाकून ठेवली. हरलो असं नाही.
म्हणजे, हरलोच.
चौकातून आणलेले पोहे उघडले, तर्री पुडीतच राहू दिली,
शेंगदाणे वेचून वर ओट्यावर ठेवले
आणि भिंतीला टेकून खाली बसलो.
तिच्याकडे बघितलं नाही.

ती रांगत आली.
माझ्या मांडीवर सांडलेला एक पोहा
तिने उचलला, अंगठा आणि पहिल्या बोटात.
मूठ नाही, पंजा नाही. चिमूट.
ही चिमूट मागच्या आठवड्यात नव्हती.
मग तो खिडकीच्या उजेडात धरला,
एक बाजू बघितली,
फिरवून दुसरी,
भुवया जवळ घेऊन,
मी बुश धरतो अगदी तसा.
हे तिला कोणी दाखवलं?

आणि पास केला.
चारही दात त्या एका पोह्याच्या मागे लागले.
दुसरा. तिसरा कडेला वाळलेला होता,
तो माझ्या तोंडात कोंबला.
नऊ खाल्ले. मी मोजत नव्हतो असं नाही.

वहीत चमच्यांचा रकाना आहे, पोह्यांचा नाही.
पट्टी घेऊन नवीन आखला.
त्यात लिहिलं: नग, नऊ.

आता तीन वाजलेत. मी लाईनवर.
बाहीला हळदीचं एक छोटं बोट.
बुश उचलतो, उजेडात धरतो,
आणि माझं तोंड आपोआप उघडतं.
पलीकडून बावणे ओरडतो,
"काहून बे, झोप येऊन राहिली का?"